उंदराच्या शेपटीची सतरंजी

हात पालथा करून टेबलावर ठेवा आणि पेटी वाजवल्यासारखी बोटं हलवा. सावकाश, एकेक बोट उचला. हाताच्या पाठीवर, कातडीखाली, बोटांकडे जाणाऱ्या दोऱ्या हलताना दिसतात ना? त्या शिरा नव्हेत. शिरा निळसर असतात, दाबल्या की दबतात. या दोऱ्या ताठ आहेत. यांना कंडरा म्हणतात. गंमत म्हणजे बोटं उचलणारे हे स्नायू बोटांत नसतातच! ते कोपर आणि मनगट यांच्या मधे असतात. तिथून ते या दोऱ्या ओढतात आणि इकडे बोट वर होतं. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिलाय ना? तस्सं.

आजची गोष्ट अशाच दोऱ्यांची आहे. फक्त त्या उंदराच्या शेपटीतल्या आहेत. आणि जगभरच्या प्रयोगशाळांत या दोऱ्यांपासून पेशींसाठी सतरंजी अंथरली जाते.

पेशींना सतरंजी कशाला, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं.

तर ऐका. आपल्या अंगातल्या बहुतेक पेशी मोकळ्या हिंडत नाहीत. रक्तातल्या पेशींचं सोडा, त्यांचा जन्मच वाहण्यासाठी. पण यकृताच्या, कातडीच्या, स्नायूंच्या पेशी कायम कशाला तरी धरून असतात. एसटीत उभे असलेले प्रवासी दांडा धरतात ना, अगदी तशा. आणि ही पकड त्यांच्या जिवाची असते. अशी एखादी पेशी सोडवून नुसत्या पाण्यासारख्या द्रवात तरंगत ठेवली, तर पोटाला भरपूर आहे, प्राणवायू आहे, ऊबही आहे, तरी ती थोड्याच वेळात मरून जाते. धरायला काही नाही म्हणून! १९९४ साली स्टीव्हन फ्रिश आणि हंटर फ्रान्सिस या दोघांनी अशा मरणाला एक ग्रीक नाव दिलं: अनॉइकिस. त्याचा अर्थ बेघर होणं. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या एवढ्याशा पेशीसाठी माझा जीव कळवळला होता. अजूनही कळवळतो.

आता शास्त्रज्ञांची अडचण बघा. त्यांना पेशी शरीराबाहेर, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत वाढवायच्या असतात. नवं औषध यकृताला बाधेल का, जखम कशी भरते, कॅन्सरच्या पेशी इतक्या का वाढत सुटतात, हे सगळं बशीत डोळ्यांसमोर बघता येतं. याला पेशीसंवर्धन म्हणतात. आपल्या पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे तर पेशींचं भांडारच आहे! देशभरातल्या संशोधकांना तिथून हव्या त्या पेशी मिळतात. पण पेशी मिळाली तरी तिला पाय टेकायला जागा द्यायची कोणी?

ही अडचण फार जुनी आहे. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन नावाच्या शास्त्रज्ञानं बेडकाच्या भ्रूणातला मज्जापेशींचा एक इवलासा तुकडा काढून बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवला. लसिका म्हणजे अंगात पाझरणारा एक पातळ द्रव. तो थेंब काचेला उलटा टांगलेला होता. लसिका गोठली, तिचं बारीक जाळं तयार झालं, आणि त्या जाळ्याला धरून मज्जापेशींतून धागे वाढू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली हॅरिसननी ते वाढताना पाहिले. शरीराबाहेर!

पण खरी सुंदर गोष्ट पुढे आहे. पेशींना सरकायला काहीतरी घट्ट आधार लागतो, हे हॅरिसनना पक्कं करायचं होतं. मग त्यांनी पेशींना काय दिलं असेल? कोळ्याचं जाळं! कोळ्याचे धागे थेंबात ताणून लावले, आणि पेशी त्या धाग्यांवरून डोंबाऱ्याच्या पोरीसारख्या दोरीवर चालू लागल्या. त्यांचा हा लेख १९१४ सालचा आहे. त्या काळी प्लॅस्टिकची बशी नव्हती, पेशींसाठी तयार द्रव नव्हता, आणि हा माणूस कोळ्याकडून दोऱ्या मागून आणत होता. मला हॅरिसन फार आवडतात.

आजच्या प्रयोगशाळेतली बशी पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकची असते. साध्या पॉलिस्टायरीनवर पाणी टाका, अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब होतात. पाणीच जिथे पसरत नाही तिथे पेशी काय पसरणार? म्हणून कारखान्यातच बशीवर विजेची प्रक्रिया करून तिला पाण्याशी मैत्री करायला लावतात. काही दणकट पेशींना एवढं पुरतं. यकृताच्या, स्नायूच्या, मज्जेच्या पेशी मात्र भारी चोखंदळ. त्यांना घरच्यासारखं काहीतरी पायाखाली हवं असतं.

घरी, म्हणजे शरीरात, त्यांच्या पायाखाली काय असतं? मुख्यतः एक प्रथिन. त्याचं नाव कोलॅजेन.

तुमच्या अंगातली सगळी प्रथिनं एका ढिगात ओतली तर त्यातला चौथा हिस्सा, किंवा त्याहून थोडा जास्तच, एकट्या कोलॅजेनचा भरेल. हाडांत कोलॅजेन, कातडीत कोलॅजेन, आणि मघाशी हातावर हलताना पाहिल्या त्या कंडरा तर जवळजवळ कोलॅजेनच्याच. त्याचं नाव कसं पडलं ठाऊक आहे? जुने सुतार लाकूड चिकटवायला सरस वापरायचे. जनावरांची कातडी, हाडं, कंडरा तासन्‌तास पाण्यात उकळून सरस काढतात. ग्रीक भाषेत सरसाला ‘कोला’ म्हणत. म्हणून कोलॅजेन, म्हणजे सरस देणारं. ज्यांच्या घरी पायाचा रस्सा होतो, त्यांनी उरलेला रस्सा फ्रिजमध्ये थिजून थरथरताना पाहिला असेल. ती थरथर उकळून सुट्या झालेल्या कोलॅजेनची.

हे कोलॅजेन आतून दिसतं कसं, हे कोडं सोडवण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. मद्रासला जी. एन. रामचंद्रन नावाचे प्राध्यापक होते, तिशी नुकतीच ओलांडलेले. जे. डी. बर्नाल हे ब्रिटनमधले नामवंत शास्त्रज्ञ मद्रासला आले असताना गप्पांत कोलॅजेनचा विषय निघाला: त्याची रचना अजून कोणालाच नीट कळलेली नाही! रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता कामाला लागले. कंडरांवर क्ष-किरण सोडायचे, फोटोवर उमटणारे ठिपके मोजायचे आणि त्यावरून आतली घडण ताडायची. त्यांच्या नमुन्यांत एक होती कांगारूच्या शेपटीतली कंडरा. बघा, पुन्हा शेपूटच! १९५४ साली त्यांनी जगाला सांगितलं की कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या शेजारी शेजारी असतात. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच त्यात सुधारणा केली: त्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्याही असतात.

म्हणजे तिपेडी दोर! वेणीत पेड एकमेकांच्या खालून वर, वरून खाली जातात, तसं इथे नाही. सुंभ वळताना तीन पेड नुसते एकमेकांभोवती वळतात, तसं हे आहे. दोर किती बारीक? लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कल्पना करणं अवघड आहे, म्हणून असं करा. हाच दोर तुमच्या बोटाएवढा, दीड सेंटिमीटर, जाड केला तर तो तीन मीटर लांब होईल.

प्रत्येक पेड म्हणजे सुमारे हजार अमिनो आम्लांची माळ, आणि त्या माळेत दर तिसरा मणी ग्लायसीनचा. दर तिसरा! का बरं? तीन पेड इतके खेटून वळलेले असतात की दोराच्या मधोमध जागाच उरत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळते ना, ती अंग चोरून बसणाऱ्यालाच. ग्लायसीन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल, म्हणून आतली ती चिंचोळी जागा त्याचीच. काही मुलांच्या कोलॅजेनमध्ये जन्मतःच एखाद्या ठिकाणी ग्लायसीनऐवजी दुसरं, मोठं अमिनो आम्ल बसलेलं असतं. एवढ्याशा चुकीनं दोर नीट वळला जात नाही आणि त्या मुलांची हाडं साध्या धक्क्यानंही मोडतात. हजार मण्यांतला एक मणी, बघा.

चला, आता शेपटीकडे.

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराची शेपूट साधारण नव्या पेन्सिलीएवढी लांब असते. शेपटीच्या आत हाडांची माळ असते. आणि ती माळ हलवणारे बरेचसे स्नायू शेपटीत नसतात, ते शेपटीच्या मुळाशी, कमरेकडे असतात! तिथून लांबच लांब कंडरा शेपटीभर गेलेल्या असतात. तुमच्या बोटांसारखंच की. म्हणून शेपूट हे स्वच्छ, सरळ, जवळजवळ निर्भेळ कोलॅजेनचं भांडार आहे. अंगात इतरत्र कंडरा काढायला गेलं तर मांस, चरबी सगळं लगडून येतं. शेपटीची कातडी सोलून टोकाकडची हाडं चिमट्यानं मोडायची आणि हलकेच ओढायचं. शेवग्याची शेंग मोडून ओढली की सालीचे दोरे निघतात, तसे चंदेरी धागे बाहेर येतात. चकाकतात अगदी.

हे धागे मग अॅसेटिक आम्लात बुडवतात. व्हिनेगरला आंबट करतं तेच हे, पण इथे व्हिनेगरच्या तीस-चाळीस पट फिकं. भांडं थंडीत, ४ अंशांत, एक-दोन दिवस ढवळत ठेवायचं. धागे शिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात, पारदर्शक होतात, आणि हळूहळू द्रव सब्जाच्या पाण्यासारखा दाट, बुळबुळीत होत जातो. आम्लात कोलॅजेनच्या प्रत्येक दोरावर धन विद्युतभार येतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून एकत्र बांधलेले दोर सुटतात. थंडी का? कारण तिपेडी दोर नाजूक असतो. ४० अंशांच्या आसपास गेलं की पीळ उसवतो आणि कोलॅजेनचं जिलेटिन होऊन बसतं.

आता अंथरायचं. हे कोलॅजेन आणखी पातळ करून बशीत ओतायचं, तासभर थांबायचं, ओतून टाकायचं आणि बशी धुवायची. दिसायला बशी पहिल्यासारखीच! पण तळाला अदृश्य थर बसलेला असतो. एका चौरस सेंटिमीटरला पाच मायक्रोग्रॅम कोलॅजेन पुरतं. गणित करून बघा: एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. त्याला पाचानं भागा. दोन लाख चौरस सेंटिमीटर, म्हणजे २० चौरस मीटर. एक-दोन चिमटी मिठाएवढ्या कोलॅजेनमध्ये पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद खोलीची सगळी जमीन झाकली जाईल.

आणि सतरंजी नको, गादीच हवी असेल तर? त्याचीही सोय आहे. बर्फावर ठेवलेल्या कोलॅजेनमधलं आम्ल नीट मोजून मारायचं आणि बशी ३७ अंशांच्या उबेत ठेवायची. ३७ म्हणजे आपल्या अंगाची ऊब. अर्ध्या तासात द्रवाची थरथरती, पारदर्शक गादी होते. थांबा, इथे काही खटकलं का? घरची जेली फ्रिजमध्ये थिजते आणि उबेनं वितळते. ही जेली उबेनं थिजते! जिलेटिन म्हणजे उसवलेलं कोलॅजेन, त्याचे सुटे पेड थंडीत गुंततात. अख्ख्या दोरांचं उलट असतं. ऊब मिळाली की ते भिंतीतल्या विटांसारखे एकमेकांना जरा मागेपुढे ठेवून रांगा लावतात आणि त्यांचे तंतू बनतात. कोणी शिकवायला नाही, कोणी ढकलायला नाही. बशीत मुकाट, आपोआप. मला हे जादूसारखंच वाटतं आणि मी ते बदलायला तयार नाही.

उंदराच्या शेपटीची अशी पारदर्शक गादी करून तिच्यावर पेशी वाढवल्याचं १९५६ साली रॉबर्ट एर्मन आणि जॉर्ज गाय यांनी बाल्टिमोरहून कळवलं. हॅरिसननी बेडकाचे धागे वाढवले तेही याच शहरात. गाय यांच्या प्रयोगशाळेत त्याआधी कोंबडीच्या रक्तद्रवाच्या गुठळ्यांवर पेशी वाढवत. शेपटीची गादी काचेसारखी स्वच्छ, त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून पेशी छान दिसतात.

आता बशीत पेशी सोडू. पेशीच्या अंगावर इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात. ते तिचे हात म्हणा. या हाताचा पंजा पेशीच्या बाहेर असतो आणि दंड आत, पेशीच्या सांगाड्याला जोडलेला. कोलॅजेनच्या दोरावर काही ठिकाणी सहा अमिनो आम्लांची एक ठरावीक खूण असते. पंजा ती खूण बरोब्बर ओळखून धरतो. मात्र दोर तिपेडी, नीट पिळलेला हवा. उसवून जिलेटिन झालेल्या कोलॅजेनवर ही ओळख पटत नाही. मघाशी थंडीची एवढी काळजी का घेतली, ते आता कळलं ना? सोडली तेव्हा पेशी गोल मण्यासारखी असते. धरायला मिळालं की ती पाय पसरते, चपटी होते, चांदणीसारखी कोपरे काढते.

पण नुसतं धरून भागतं का? इथे माझी सगळ्यात आवडती गोष्ट येते. १९७७ साली कॅलिफोर्नियात जोअॅन एमरमन आणि डोरोथी पिटेल्का यांनी उंदरिणीच्या दूध बनवणाऱ्या पेशी घेतल्या. नुसत्या प्लॅस्टिकवर त्या चपट्या होऊन पडल्या आणि आपलं काम विसरल्या. कोलॅजेनच्या गादीवर ठेवल्या, तरी गादी बशीला चिकटलेली असेपर्यंत फारसा फरक नाही. मग त्यांनी गादीच्या कडा सोडवल्या. गादी तरंगू लागली. पेशींनी ती स्वतःच ओढून ओढून आक्रसून घेतली, आणि त्या अंगात असतात तशा उभट झाल्या, नीट रांगेत बसल्या. अशा तरंगत्या गादीवर, योग्य संप्रेरकं दिली तर, त्या दुधातली प्रथिनं बनवू लागतात. पेशी त्याच, कोलॅजेन तेच. फरक एवढाच की गादी आता त्यांच्या ओढण्याला दाद देत होती. यकृताच्या पेशींचा हट्ट आणखी वेगळा. त्यांना खाली गादी आणि वर पांघरूण, दोन्ही कोलॅजेनचंच लागतं. असं सँडविच केलं की त्या कित्येक आठवडे काम करत राहतात.

पायाखालचं मऊ आहे की कडक हे पेशी खरंच चाचपते का? २००६ साली फिलाडेल्फियात अॅडम एंगलर, डेनिस डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमीजास्त कडक जेल बनवले आणि सगळ्यांवर कोलॅजेनचा सारखाच थर दिला. वर माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी सोडल्या. पुढे काय व्हायचं हे अजून न ठरलेल्या या पेशी. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्यांना मज्जापेशींसारखे फाटे फुटले. स्नायूइतक्या चिवट जेलवर त्या स्नायूकडे वळल्या. कोवळ्या हाडाइतक्या कडक जेलवर हाडाकडे! भोवतालचा द्रव सगळीकडे एकच होता.

तुमच्यापैकी कोणीतरी मगापासून गप्प बसलं असेल. उंदरांचं काय, हा प्रश्न मनात असेल. विचारलाच पाहिजे. शेपट्या मेलेल्या उंदरांच्या असतात, बहुतेक वेळा दुसऱ्या कामासाठी वापरलेल्या, आणि आपल्या देशात प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घ्यावी लागते. तरी उंदीर तो उंदीरच, त्याचा जीव गेलेला असतो. म्हणून दुसऱ्या वाटाही शोधल्या जातात. माशांच्या कातडीत कोलॅजेन असतं, पण थंड समुद्रातल्या कॉड माशाचा दोर १५ अंशांच्या आसपासच उसवतो. ३७ अंशांत त्याची सतरंजी टिकणार कशी? इस्रायलमध्ये तंबाखूच्या झाडांत माणसाची जनुकं घालून त्यांच्या पानांत माणसाचं कोलॅजेन बनवतात. शेपूट नको, कातडी नको. ही वाट रुंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. आज मात्र शेपटीचं कोलॅजेन स्वस्त आहे, हाताशी आहे, म्हणून ते जगभर चालतं.

कधी प्रयोगशाळा बघायला मिळाली तर हृदयाच्या पेशी दाखवा म्हणून हट्ट धरा. कोंबडीच्या भ्रूणाच्या किंवा उंदराच्या पिल्लाच्या हृदयातल्या या पेशी सुट्या करून कोलॅजेनच्या थरावर ठेवतात. पहिल्या दिवशी त्या नुसत्या धरून बसतात. मग एखादी आपल्या आपण धडकायला लागते. लांबवर दुसरी, तिचा ठेका वेगळा. तिसरी आणखी हळू. दोन-तीन दिवसांत त्या पाय पसरत पसरत एकमेकींना भिडतात, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलात तर बशीचा सगळा तळ एका ठेक्यात आकसताना, सैल होताना दिसतो.